झाडाखालचा वाफा : उद्यान अधीक्षकांना खुले पत्र

मा. उद्यान अधीक्षक,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका व नगरपालिका यांस,



हे पत्र खरे तर एकालाच लिहायचे होते, पण लिहिते आहे तुम्हा सगळ्यांना. आमच्या घराजवळच्या बागेचे नाव मुद्दाम घालत नाही. घातले तर तुमच्यातला एकच जण हे वाचील, तेही खुलासा पाठवायचा म्हणून. बाकीचे ‘आपली नाही’ म्हणत पान उलटतील. शिवाय मी ज्या वाफ्याबद्दल लिहिते आहे तो तुमच्या प्रत्येकाच्या शहरात आहे. कुठे पर्जन्यवृक्षाखाली, कुठे कडुनिंबाखाली, कुठे शेजारच्या चार मजली इमारतीच्या आडोशाला. पाच फूट रुंद, वीस-बावीस फूट लांब, कडेने तिरक्या विटा रोवून त्यांना गेरू-चुना फासलेला. त्यात वर्षातून तीन-चार वेळा टेम्पोतून फुले येतात आणि महिन्याभरात नाहीशी होतात.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वाफ्यात झेंडू आला. काळ्या पिशवीत वीतभर रोप आणि त्याच्या माथ्यावर लिंबाएवढे एक फूल. लावला त्या दिवशी वाफा इतका देखणा दिसत होता की लोक थांबून फोटो काढत होते. मी रोज सकाळी साडेसहा ते आठ समोरच्या बाकावर बसते, त्यामुळे पुढचेही माझ्या डोळ्यांसमोरच झाले. आलेली फुले पंधरा दिवसांत काळवंडली. नवी कळी धरेना. रोपे मात्र वाढत चालली. महिन्याभरात गुडघ्याला लागली, पण कशी? दोन पानांमधले अंतर बोटाएवढे, खोड बॉलपेनच्या रिफिलसारखे, आणि सगळ्यांच्या माना रस्त्याकडे, जिथून उजेड येतो तिकडे वळलेल्या. डिसेंबरच्या अखेरीला ती उपटली आणि पिटुनिया लावला. त्याचेही तेच झाले.

माळीकाकांना विचारले, तर खुरपे न थांबवता म्हणाले, “ताई, इथं झेंडू धरणार नाही हे काय मला कळत नाही? पण टेम्पोत जे येतं ते लावायचं.”

मग मी रीतसर अर्ज दिला. उत्तर आले, आणि वेळेत आले, हे नोंदवायला हवे. त्यात लिहिले होते की सावलीमुळे फुलझाडांची वाढ होत नसल्याने सदर वृक्षाच्या फांद्यांच्या छाटणीबाबत विचार करण्यात येईल. ते वाचून मी हे पत्र लिहायला बसले. दोन माणसांच्या कवेत न मावणारा पर्जन्यवृक्ष आणि पिशवीतला झेंडू, यांत कोणी कोणासाठी सरकायचे हा प्रश्न तरी पडावा का? १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा तुम्हाला माझ्याहून पाठ असेल, तो मी शिकवायला नको. सावली तिथे आधीपासून आहे, फुले मागाहून येतात. जुळवून घ्यायचे ते फुलांनी, म्हणजे फुले निवडणाऱ्याने.

मी पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. खडू अजून पर्समध्ये असतो. डिसेंबरातल्या एका रविवारी डबा घेऊन बाकावर ठाण मांडले आणि दर थोड्या वेळाने उन्हाची कड विटांवर जिथे असेल तिथे रेघ मारून शेजारी वेळ लिहीत गेले. एका आजोबांनी विचारलेही, “लंगडीचे डाव मांडताय का?” पावणेआठला ऊन वाफ्याच्या पूर्वेच्या टोकाला लागले. सव्वादहाला निघून गेले. मग दुपारभर पानांच्या फटींतून पडणारे कवडसे तेवढे. (ते गोल का असतात, हे मुलांना विचारायला मला फार आवडे. पानांतली फट वेडीवाकडी असली तरी जमिनीवर उमटते ती सूर्याची प्रतिमा, म्हणून गोल.) साडेतीनला झाड आणि इमारत यांच्या मधल्या खिंडीतून पुन्हा ऊन आले, ते साडेचारपर्यंत टिकले. एकूण साडेतीन तास.

बागकामाच्या भाषेत तीन ते सहा तास थेट ऊन म्हणजे अर्धी सावली. झेंडू, झिनिया, सूर्यफूल, कोंबडा, पिटुनिया यांना सहा तासांच्या वर लागते. साडेतीन तासांच्या वाफ्यात झेंडू लावणे म्हणजे अर्ध्या पगारात पूर्ण संसार मांडणे. चालतो, पण अंग धरत नाही. आणि हे कळायला मला खर्च आला एका खडूचा.

आता थोडा भूगोल, सवयीने.

सावली एका जागी बसत नाही. आमच्या बागेत दुसरा एक वाफा आहे, शेजारच्या इमारतीच्या उत्तरेला. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत उत्तरेची बाजू जवळजवळ बारमाही सावलीची धरतात. त्यांच्या अक्षांशावर ते बरोबर आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. तसाच दुसरा दिवस जुलैच्या अखेरीला येतो. या दोन दिवसांच्या मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे त्या काळात इमारतीच्या उत्तरेच्या वाफ्यावर ऊन पडू शकते. डिसेंबरात उलटे. २१-२२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो. इमारत १२ मीटर उंच धरली तर तिची भर दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ ११ मीटर पसरते. तुमचा पाच फुटी वाफा त्यात बुडून जातो.

आणि आपण करतो काय? हंगामी फुले म्हणजे हिवाळ्यातली, असे एकदा ठरवून टाकले आहे. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे त्या वाफ्यावर ऊन फिरकतही नाही तेव्हा, तिथे उन्हाची फुले लावतो. आणि जून-जुलैमध्ये वाफा मोकळा सोडतो. पावसाळ्यात ढग असतात, ऊन कुठले, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण ढगाळ दिवशी उजेड एका बाजूने न येता साऱ्या आकाशातून झिरपतो. उघड्यावरची आणि आडोशाची जागा यांतला फरक तेव्हा कमी होतो. सावलीतल्या वाफ्याला वर्षात सगळ्यांच्या बरोबरीने बसायला मिळते ते पावसाळ्यातच.

म्हणून माझी पहिली मागणी तेरड्याची आहे. साधा, आपला, उंच तेरडा.

तेरडा म्हटले की हल्ली लोकांना कासचे पठार आठवते. ते गुलाबी गालिचे तेरड्याच्याच जातभाईंचे, पण खुज्या आणि उघड्या माळावर वाढणाऱ्या. मी म्हणते तो घाटरस्त्याच्या कडेला, ओल्या दरडीवर, झाडांच्या उजेड-अंधारात कंबरेएवढा उभा असतो तो. गुलबाक्षी, फिकट गुलाबी, क्वचित पांढरा. सरळ, रसाळ, काचेसारखे अर्धपारदर्शक खोड. उजेडाकडे धरले की आतले पाणी दिसते असे वाटते. हे झाड मूळचे आपल्या भागातले. याला भर दुपारचे ऊन आवडत नाही, दुपारी पाने लोंबतात. सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि बुडाशी ओल एवढ्यावर ते सुखी असते. आपल्या वाफ्याचे वर्णन याहून वेगळे काय आहे?

बी पेरल्यापासून आठवड्याभरात उगवते, साधारण दोन महिन्यांत फुलावर येते. मृगाच्या सरी पडल्या की, म्हणजे जूनच्या मध्याला पेरले, तर श्रावणात फुलायला लागते आणि गौरी-गणपतीत ऐन भरात असते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याने केली त्याने एक फूल पाहिले असावे, झाड पाहिलेले नसावे. खालून वर, पेरापेराला, पानांच्या बगलेत फुले येत राहतात. खालची गळून शेंगा धरतात तोवर वरची उघडतात. दीड-दोन महिने सहज जातात. रंग तीन दिवसांत उडाला तो आमच्या वाफ्यातल्या पिटुनियाचा, पण त्याच्यावर कोणी म्हण केली नाही.

आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळासकट आणलेली रोपे, मुळांवरची माती धुऊन, सुपात मांडलेली. लहानपणी आम्ही ती ओढ्याकाठून स्वतः आणत असू. आता मंडईत आदल्या दिवशी जुड्या विकायला येतात. गावाकडच्या बाया पहाटेच्या एसटीने गाठोडी घेऊन येतात, आणि संध्याकाळपर्यंत पाने मलूल पडलेली असतात. त्याच दिवशी आमच्या बागेतला झाडाखालचा वाफा रिकामा असतो. दोन्ही गोष्टी दरवर्षी बघते आणि दरवर्षी मनात तेच येते. बागेतल्या फुलांना हात लावू नये हे मला मान्य आहे. पण निदान ज्या पोरांनी गौर फक्त जुडीत बांधलेली पाहिली आहे, त्यांना ती जमिनीत उभी तरी दिसेल.

पोरांवरून आठवले. तेरड्याची शेंग पिकत आली की फिकट होते, टम्म फुगते, तिच्यावर बारीक पांढरी लव असते. चिमटीत हलकेच धरायची. टच् असा, आवाजापेक्षा बोटांनाच जाणवणारा झटका बसतो, शेंगेच्या पाच फाका आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बी उडून कुठच्या कुठे जाते. तळहातावर उरते एक हिरवे, वळवळणारे भेंडोळे. मुलगा असो की म्हातारा, एकदा केल्यावर तो दुसरी शेंग शोधतोच. तुमच्या खेळण्याच्या जागेतली घसरगुंडी मोडल्यावर दुरुस्तीला निविदा लागते. याला नाही.

मात्र एक अडचण आहे. नर्सरीत जाऊन “तेरडा द्या” म्हटले की जो मिळतो तो वीतभर उंचीचा, गच्च, डोक्यावर फुलांचा गोळा असलेला. तो ठेंगू वाण. दोष नर्सरीवाल्याचा नाही. बियाण्याच्या धंद्याने गेली कित्येक दशके हंगामी फुले मुद्दाम बुटकी करत आणली, कारण रोप फुलावर आलेले असेल तर विकले जाते, आणि उंच रोप लहान पिशवीत फुलावर येईपर्यंत तग धरत नाही. ट्रेमध्ये बसत नाही, टेम्पोत मोडते. एकूण काय, बागेला काय हवे ते टेम्पोची उंची ठरवते. तुमच्या निविदेत ‘फुलावर आलेली’ हे दोन शब्द असतील तर उंच फुले तुम्ही तिथेच बाद केली आहेत.

उंचीचा एवढा आग्रह का, असे विचाराल. सावलीत बुटकी फुले दिसतच नाहीत, म्हणून. उन्हातल्या वाफ्यात घोट्याएवढी फुले चमकतात. झाडाखाली तीच जमिनीच्या काळपटपणात विरून जातात. बाकावर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीला, म्हणजे तीन-साडेतीन फुटांवर रंग आला तर तो मागच्या अंधारावर उठून दिसतो. मागे पंपघर असते, कुंपणाची भिंत असते, भिंतीवर कोणाचे तरी वाढदिवसाचे बॅनर असते. ते झाकले जाते हा वरचा फायदा. रंगाचेही तसेच. गडद लाल आणि जांभळा सावलीत काळा दिसतो. पांढरा, फिकट गुलाबी, फिकट निळसर हे संध्याकाळी साडेसहालाही दिसत राहतात. एवढे पाहून निवडले तरी निम्मे काम झाले.

पण उंच आणि उंच यांत फरक आहे. आमचा झेंडू उंच झाला तो भुकेने. वरच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडातला तांबडा भाग पानांनी आधीच शोषलेला असतो, त्याच्या पलीकडचा अतितांबडा तेवढा खाली पोचतो. रोपाला हे प्रमाण कळते. आपल्या डोक्यावर कोणीतरी आहे हे ओळखून ते फूल-फांद्यांचा खर्च थांबवते आणि सगळा ऐवज खोड लांबवण्यात घालते. अशा रोपाला काठी लावा, खत घाला, ते काडीच राहते. माळीकाकांचा शब्द ‘रोप पळालं’. उन्हाचे झाड सावलीत पळते. जे वाणानेच उंच आणि सावलीला सरावलेले असते ते भरत भरत वाढते. तुम्हाला लावायची आहेत ती ही दुसरी.

त्यांची यादी फार लांब नाही, आणि ती तशीच असणार. सावलीत सगळे येत असते तर हे पत्रच लागले नसते.

पावसाळ्यात तेरड्याच्या मागच्या रांगेला रानभेंडी लावून बघा. आपल्या सह्याद्रीतल्या जंगलाच्या कडेला पावसात उगवते, माणसाच्या उंचीची होते, पिवळ्याधमक पाकळ्या आणि मध्ये गडद तांबडा-जांभळा डोळा. फूल एका दिवसाचे, पण रोज नवे. अंगाला खाजरी लव असते, म्हणून वाटेपासून दूर. हिला तेरड्यापेक्षा थोडे जास्त ऊन लागते, तेव्हा वाफ्याचे सर्वांत उजळ टोक तिचे.

गुलबक्षीबद्दल मी काय सांगावे! तिला बागेतून हद्दपार करून कुंपणाबाहेर कोणी घालवले, हे मला कोडे आहे. तिला खाली कंद असतो, त्यामुळे ती काटेकोर अर्थाने हंगामी नाही, पण बी टाकले की त्याच वर्षी फुलते, अडीच-तीन फूट होते, आणि अर्ध्या सावलीत कुरकुर करत नाही. दुपारी चारनंतर उमलते. तुमच्या बागेत गर्दी कधी असते? संध्याकाळी. पिटुनिया दुपारी बारा वाजता कुलूप लावलेल्या बागेत फुलून काय उपयोग? गुलबक्षी फाटक उघडायच्या वेळेला उमलते. ढगाळ दिवशी तर बराच वेळ उघडी राहते. मिऱ्यासारखी काळी बी गोळा करून मुले ती खिशात भरतात. तोंडात मात्र घालू देऊ नये.

हिवाळ्यासाठी लाल सॅल्व्हिया तुम्ही लावताच. पण तो ठेंगू, दाट तुऱ्याचा, आणि तोही भर उन्हात, जिथे त्याचा लाल महिन्याभरात विटक्या विटेसारखा होतो. त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्या, रंग टिकतो. त्याहून मला त्याचा सडपातळ भाऊ आवडतो: सैल, लांब तुऱ्यांचा, दोन-तीन फुटी, लाल किंवा फिकट गुलाबी-पांढरा. तो आपले बी आपणच टाकतो आणि पुढच्या वर्षी न सांगता उगवतो. त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतो. मी बाकावरून पाहिले आहे: तुऱ्याला लटकून, शेपूट वर करून, एका तुऱ्यावर चार-पाच फुले आटपून पुढे.

फुलांचा तंबाखू ही माझी हौस. अर्जेंटिनातले झाड, आपल्या शेतातल्या तंबाखूच्या दोन पूर्वजांपैकी एक. बुडाशी हातभर रुंद पानांचा घेर, त्यातून चार-पाच फुटी दांडा आणि त्याच्या टोकाला लोंबणाऱ्या पांढऱ्या लांब नळ्या. संध्याकाळी असा वास सुटतो की फिरणारे लोक चालता चालता मान वळवतात आणि रातराणी शोधायला लागतात. भर उन्हात ही फुले मलूल होऊन मिटतात. सावलीत दिवसाही उघडी राहतात. बागेचा हा एक कोपरा असा आहे की जिथे ऊन नसणे हीच सोय. बी धुळीएवढे बारीक असते, ते मातीने झाकायचे नाही, नुसते वर शिंपडायचे, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. गणपती झाल्यावर ट्रेमध्ये टाकायचे, थंडीत फुलते. मात्र ते तंबाखूच आहे, सगळे अंग विषारी, तेव्हा मुलांच्या खेळण्यापासून लांब, मागच्या रांगेत. घरच्या परसात मी तीन हिवाळे लावला. पहिल्या वर्षी बी मातीखाली गाडले आणि एकही उगवले नाही.

लार्कस्परचे निळे तुरे चार तास सकाळचे ऊन मिळते तिथे येतात. त्याला रोप काढून लावलेले सोसत नाही, बी जागेवरच टाकायचे, आणि थंडी जाणवायला लागल्यावरच. हेही विषारी. क्लिओमे चार फूट होतो, आपल्या मोकळ्या प्लॉटांवर उगवणाऱ्या पिवळ्या तिळवणीचा हा परदेशी नातेवाईक, पण त्याला चार-पाच तास तरी ऊन हवे, काठावर पास. हॉलीहॉकचा मोह होईल, सात फुटी खांब बघून कोणाला होत नाही? सावलीत तो आडवा होतो. नकोच.

आणि कृपा करून पिवळा-नारिंगी कॉसमॉस नको. सावलीत तो पळतो हे एक कारण; दुसरे असे की मेक्सिकोतले हे फूल बागेत थांबत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर तो कसा पसरला आहे ते जाऊन पाहावे. लोक त्यात उभे राहून फोटो काढतात. ज्या गवताच्या आणि रानफुलांच्या जागेवर तो उभा आहे त्यांचा फोटो कोणाकडे नसतो.

लावण्याबद्दल तुमच्या माळ्यांना मी शिकवणे म्हणजे आगाऊपणा, तरी बाकावरून दिसलेले दोन-चार बोल. झाडाच्या बुंध्यापासून निदान चार फूट सोडा, मुळे तोडून वाफा खोल करू नका, आणि बुंध्याभोवती मातीचा ढीगही नको. झाडाखाली उजेडाइतकीच पाण्याचीही टंचाई असते, कारण वरचे पाणी झाडाची मुळे आधी पितात. त्यामुळे सावली आहे म्हणून पाणी कमी, हा हिशेब चुकतो. पर्जन्यवृक्षाची पाने ट्रॅक्टरमध्ये भरून का नेता? ती तिथेच कुजवली की शेणखताच्या निम्म्या गोण्या वाचतील. युरिया तर मुळीच नको, पळणाऱ्या रोपाला तो आणखी पळवतो. रोपांत फूटभर अंतर ठेवा. दाटी झाली की सावलीत हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी येते. सॅल्व्हियाचा शेंडा वीतभर असताना खुडा म्हणजे फुटवे येतील, पण उंच तेरड्याचा खुडू नका, त्याची शोभा त्या एका सरळ खोडात आहे. कामट्या लावायच्या त्या लावणीच्याच दिवशी. रोप पडल्यावर लावलेली कामटी कुबडीसारखी दिसते. सुतळी आठच्या आकड्यासारखी बांधली तर खोड कापत नाही.

आता तुमच्याकडे माझे मागणे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे स्वतःची रोपवाटिका आहे त्यांनी या जूनमध्ये एकच गादीवाफा उंच तेरड्याचा करावा. आमच्यासारख्या वाफ्याला शंभर रोपे पुरतात. ती फुलावर यायची वाट न बघता चार पानांवर असताना लावा. तेरडा तर कळ्या धरल्यावर उपटून लावला तरी ओल असेल तर सहज लागतो. पहिले पाच-सहा आठवडे वाफा नुसता हिरवा दिसेल. त्याबद्दल कोणी नागरिक तक्रार करील. आमच्या बागेतून आली तर मी उत्तर देईन. पुढच्या वर्षी बी विकत घ्यावे लागणार नाही.

दुसरे, लावण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी प्रत्येक बागेत कोणीतरी खडू घेऊन बसावे. एकदा डिसेंबरात, एकदा जूनच्या सुरुवातीला पाऊस लागण्याआधी. शेजारच्या शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील, भूगोलाचा प्रकल्प म्हणून गुणही मिळतील. प्रत्येक वाफ्याचे तास कागदावर आले की टेम्पोत काय यावे हे तो कागदच सांगेल.

तिसरे जरा लांबचे आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, मुंबईत राणीच्या बागेत भरते. मी जमेल तेव्हा जाते, डोळे निवतात. पण तिथली सगळी फुले लख्ख उन्हात वाढवलेली, आणि ती पाहून घरी येणाऱ्या माणसाची बाल्कनी मात्र समोरच्या इमारतीच्या सावलीत. अशा प्रदर्शनांत ‘अर्ध्या सावलीतली फुले’ असा एखादा विभाग ठेवता आला तर बघा. स्पर्धकांना वाफ्याचे उन्हाचे तास लिहून द्यायची अट घाला. पहिल्या वर्षी तीनच प्रवेशिका येतील, त्यातली एक माझी.

पर्जन्यवृक्षाच्या छाटणीचा प्रस्ताव तेवढा मागे घ्यावा, ही विनंती ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळेल.

आपली नम्र,
सकाळी साडेसहा ते आठ, तिसऱ्या बाकावर बसणारी एक निवृत्त शिक्षिका

ता. क. : उंच तेरड्याचे बी माझ्याकडे आहे, गेल्या भाद्रपदात माहेरच्या ओढ्याकाठून आणलेल्या रोपांचे. लोणच्याच्या जुन्या बरणीत आहे. बरणीवर ‘मोहरी नाही’ असे लिहिले आहे, कारण एकदा घोटाळा होता होता राहिला. मृगाच्या आधी कोणाला तरी पाठवा, चमचाभर पुडीत बांधून देते. माळीकाकांनी त्यांच्या वाट्याचे कधीच नेले आहे.